मध काढणाराची घाई

खोकला झाला कीं आई आल्याच्या रसांत मध कालवून चाटण देते. वैद्यबुवांची मात्रा मधांतच उगाळावयाची. पंचामृतांत तो असतो, आणि पवित्र शास्त्रांत तर वचनदत्त देशाची ओळखच दूधमधाच्या प्रवाहांनीं करून दिलेली आहे. (मात्र एक वर्षाच्या आंतील बाळास मध देऊं नये, असें वैद्यकशास्त्र आतां निक्षून सांगतें, हें मातांनीं ध्यानांत ठेवावें.) अशा या वस्तूची बाटली घेतांना आपण दुकानदारास एकच प्रश्न विचारतों: "यांत साखरेचा पाक तर नाहीं ना?" प्रश्न योग्यच आहे. पण दुसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, हा मध काढतांना त्यावर बसलेल्या माशांस कोणत्या उपायानें दूर केलें?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. माशा त्या, हात हालविला कीं उडाल्या, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं भरलेली मधपेटी एकदां उघडलेली पाहावी. पाश्चात्य जातीच्या माशांची वसाहत ऐन बहरांत असली म्हणजे तींत चाळीस ते साठ हजार माशा नांदत असतात. पेटीच्या खालच्या कोठींत राणी अंडीं घालते व पिल्लांचें संगोपन होतें. वरच्या कोठींत केवळ मध सांठविला जातो. मधपाळास ही वरची कोठी हवी असते. पण तिच्या प्रत्येक चौकटीच्या दोन्ही अंगांस माशांचा थर बसलेला असतो, आणि स्वतःच्या कष्टाची ठेव सोडून जाण्यास त्या मुळींच राजी नसतात. त्यांस न मारतां, न चिडवितां, आणि मध न बिघडवितां खालीं कसें पाठवावें, ही या धंद्यांतील एक जुनी व अवघड अडचण आहे.

ही अडचण आज ज्या स्वरूपांत आपणांपुढें आहे तें स्वरूप तिला एका पाद्रीसाहेबांच्या शोधामुळें आलें. रेव्हरंड लोरेन्झो लँगस्ट्रॉथ हे अमेरिकेंतील धर्मोपदेशक. फिलाडेल्फिया शहरीं त्यांनीं मुलींची शाळाही चालविली होती. १८५१ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पेटींतील दोन वस्तूंमध्यें सुमारें तीन-अष्टमांश इंच अंतर राखलें तर माशा ती जागा मेणानें किंवा डिंकानें बुजवीत नाहींत. येण्याजाण्याची वाट म्हणून ती मोकळी ठेवितात. या एका निरीक्षणाच्या आधारें त्यांनीं सुट्या चौकटींची पेटी सिद्ध केली व पुढील वर्षीं, म्हणजे १८५२ सालीं, तिचें पेटंट घेतलें. तत्पूर्वीं युरोपांत मध काढावयाचा म्हणजे पुष्कळदा पेंढ्याच्या टोपलीखालीं गंधक जाळून सबंध वसाहत मारून टाकावयाची व मग पोळीं कापून पिळावयाचीं, अशी रीत होती. चौकटी सुट्या झाल्या, माशांस जिवंत ठेवून मध घेणें सोपें झालें, आणि मारण्याच्या जागीं हुसकणें आलें. (लँगस्ट्रॉथसाहेबांचे समकालीन व या शास्त्रांतील दुसरे थोर संशोधक, सायलेशियांतील योहान झिअर्झोन, हेही धर्मगुरूच होते. मधमाशांचा आणि धर्मोपदेशकांचा एवढा स्नेह कां जमावा हें एक कोडेंच आहे. डंख सोसून गोडी राखण्याची संवय दोघांसही लागते म्हणून असेल कदाचित्.)

हुसकण्याचे औषधावांचून चालणारे उपाय पूर्वींपासून आहेत. धूर हा त्यांतील सर्वांत प्राचीन. धूर लागला कीं माशा मध पिऊन पोट भरून घेतात व त्यांचा आवेश मंदावतो. शिवाय संकटाची सूचना देण्यासाठीं पहारेकरी माशा जो एक गंध सोडतात, पिकल्या केळ्यासारखा त्याचा वास येतो, तो धुरामुळें बाकीच्यांस नीट उमगत नाहीं. परंतु धूर अति झाला तर मधास धुराचा वास लागतो. म्हणून धुरानें माशा शांत कराव्या; सगळी कोठी रिकामी करण्याचें काम त्याजकडून घेऊं नये. दुसरा उपाय चौकट एकेक उचलून झटकण्याचा व मऊ कुंचल्यानें माशा झाडण्याचा. तिसरा सर्वांत चतुर. अमेरिकेंतील पोर्टर नांवाच्या गृहस्थांनीं १८९१ च्या सुमारास पत्र्याचें एक लहानसें फाटक काढलें. त्यांत दोन बारीक पात्या अशा बसविलेल्या असतात कीं, माशीस त्यांमधून खालीं उतरतां येतें पण परत वर जातां येत नाहीं. हें फाटक बसविलेली फळी मधाची कोठी व पिल्लांची कोठी यांच्यामध्यें ठेविली म्हणजे माशा आपल्या आपण, राणीच्या व पिल्लांच्या ओढीनें, खालीं उतरतात. कोणास दुखविणें नाहीं, कांहीं ओतणें नाहीं. मात्र एक अहोरात्र, किंवा त्याहूनही अधिक वेळ, थांबावें लागतें.

आणि हें थांबणेंच पुष्कळांस परवडत नाहीं. कॅनडा व अमेरिका या देशांत एकेका मधपाळाच्या शेंकडों, कित्येकांच्या हजारों पेट्या असतात, आणि त्या पन्नास ठिकाणीं विखुरलेल्या. फळी बसविण्यास एकदां जावयाचें व कोठी उचलण्यास दुसऱ्यांदा जावयाचें म्हणजे प्रवास दुप्पट, मजुरी दुप्पट. त्यांत फाटकांत एखादा जाडा नर अडकून बसला कीं वाट बंद. वरच्या कोठींत चुकून पिल्लें असलीं तर माशा त्यांस सोडून हालत नाहींत. आणि कडक उन्हांत पंख्यांनीं वारा घालणाऱ्या माशाच खालीं गेल्या म्हणजे वरचीं पोळीं मऊ होऊन ढांसळण्याची भीति. या सर्व अडचणी खऱ्या आहेत. त्या आम्ही मुद्दाम सांगतों, कारण औषध वापरणारा तेवढा लोभी व न वापरणारा तेवढा साधु, असा निवाडा करणें अन्यायाचें होईल. मधानें भरलेली एकेक कोठी वीस किलोंहून अधिक वजनाची. अशा शेंकडों कोठ्या उन्हांत, जाळीच्या बुरख्याआड, दिवसभर उचलणाऱ्या माणसानें चार मिनिटांत काम होण्याची युक्ति शोधली तर तिचें नवल वाटूं नये.

ती युक्ति अशी. पेटीच्या तोंडाएवढी एक उथळ झांकणफळी करितात. तिची वरची बाजू काळ्या रंगाची असते व आंतून कापड लाविलेलें असतें. त्या कापडावर माशांस न आवडणारें औषध शिंपडावयाचें आणि ती फळी मधाच्या कोठीवर उपडी ठेवावयाची. उन्हानें काळा पत्रा तापतो, औषधाची वाफ होते, ती हवेहून जड असल्यामुळें खालीं उतरते, आणि तिच्यापुढें माशा चौकटींमधून खालीं पळतात. तीन-चार मिनिटांत कोठी मोकळी.

या कामीं जें औषध प्रथम पुष्कळ वापरलें गेलें तें कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फेनॉल. त्याची कीर्ति विद्यार्थ्यांनीं शरीरशास्त्राच्या तासास ऐकली असेल. ग्लासगो येथें १८६५ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं गाडीखालीं सांपडून पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर तें लाविलें, आणि जखम न सडतां बरी झाली. शस्त्रक्रियेच्या इतिहासांत तेथून नवें युग सुरू झालें. ज्यानें जंतु मरतात तें औषध घरोघर पोंचलें, साबणांत गेलें, आणि मधपाळाच्या सामानाच्या पेटींतही जाऊन बसलें. लोकांचा स्वभावच असा आहे कीं, जी वस्तु इस्पितळांत दिसली ती सर्वत्र निर्धोक अशी त्यांची समजूत होते. वास्तविक शस्त्रवैद्यांनीं स्वतः फेनॉल कधींच मागें टाकलें. कारण तें जसें जंतूंस मारतें तसें माणसाच्या मांसासही जाळतें.

फेनॉलचा घातकीपणा हा कीं, तें आधीं जागा बधिर करतें. हातावर थेंब पडला तर कातडी पांढरी पडते, पण दुखणें लागलीच जाणवत नाहीं. आणि जें दुखत नाहीं तें धुण्याची घाई कोण करतो? तोंपर्यंत तें कातडींतून रक्तांत शिरतें. बरेंच अंग भिजलें तर मज्जातंतु व हृदय यांवर परिणाम होऊन माणूस दगावूं शकतो. हें झालें मधपाळाविषयीं. मधाविषयीं म्हणाल, तर फेनॉलची वाफ पेटींत कोंडली म्हणजे ती मेणांत मुरते व उघड्या मधांत उतरते. जिभेस तें अगदीं अल्प प्रमाणांतही कळतें. इस्पितळाचा वास मारणारा मध कोणासही गोड लागणार नाहीं. रसायनशाळांनीं मधांत त्याचा अंश शोधूनही काढला आहे. याच कारणास्तव अमेरिकेंत तें पेटींत वापरण्यास आज मान्यता नाहीं. या औषधाच्या बाबतींत आमच्या मतें वादास जागाच उरलेली नाहीं; तें त्याज्य, संपूर्ण त्याज्य आहे. परंतु ज्याच्या हातांत जुनी बाटली आहे व ज्यास आजोबांनीं ही युक्ति शिकविली आहे असा मनुष्य कोठल्याही देशांत सांपडतो, म्हणून हें पुनः सांगावें लागतें.

फेनॉलच्या जागीं १९६० नंतरच्या दशकांत दुसरीं द्रव्यें आलीं. त्यांपैकीं दोन मुख्य. पहिलें बेन्झाल्डिहाइड. नांव अवघड असलें तरी वास आपल्या ओळखीचा आहे. बदामाचें इसेन्स म्हणून जें मिठाईंत व बिस्किटांत घालतात त्याचा वास याच द्रव्याचा. कडू बदामांत तें निसर्गतः उत्पन्न होतें. दुसरें ब्युटिरिक ॲन्हायड्राइड. याचा वास वर्णन करण्यास लेखणी कचरते. महिनाभर विसरलेलें लोणी डब्यांतून बाहेर काढल्यावर जो दर्प येतो त्याच्या शंभरपट दर्पाची कल्पना करावी. कपड्यांस लागला तर धुवूनही जात नाहीं, आणि ज्या गाडींतून बाटली नेली त्या गाडींत पुढें बसावयास घरचीं माणसें नाखूष असतात, असें त्या देशांतील मधपाळ थट्टेनें सांगतात. हवा थंड असली, म्हणजे सुमारें २७ अंशांखालीं, तर बेन्झाल्डिहाइड चांगलें चालतें. त्याहून उष्ण दिवसांत दुसऱ्याचा उपयोग करितात.

यांचा पुरस्कार करणारे एक युक्तिवाद मांडतात, तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, हीं द्रव्यें परकीं नव्हेत. बेन्झाल्डिहाइड बदामांत आहे, खाद्यपदार्थांत घालण्यास त्यास मुभा आहे, इतकेंच काय, कित्येक मधांच्या स्वाभाविक सुगंधांतही त्याचा लेश असतो. ब्युटिरिक ॲन्हायड्राइड पाण्याशीं मिळालें कीं त्याचें ब्युटिरिक आम्ल होतें, आणि हें आम्ल तर लोण्याचेंच. त्याचें नांवही लॅटिन भाषेंतील लोण्याच्या शब्दावरून पडलें आहे. मग भय कसलें?

या युक्तिवादांत अर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याची परीक्षा अधिक काळजीनें करावी लागते. साजुक तुपांत ब्युटिरिक आम्ल असतें खरें. पण तें स्निग्धांशाशीं बांधलेलें असतें, सुटें नसतें. म्हणूनच तुपाचा वास आपणांस सुगंध वाटतो. तूप खवट झालें म्हणजे तें सुटतें, आणि मग तेंच तूप आपण पानांत वाढून घेत नाहीं. मधपाळाच्या बाटलींत तर त्या आम्लाचेंही शुष्क व उग्र रूप भरलेलें असतें. ओल्या कातडीवर अथवा डोळ्यांत त्याचा थेंब गेला तर तेथेंच पाण्याशीं त्याची क्रिया होऊन भाजल्यासारखी जखम होते. बेन्झाल्डिहाइडची गोष्टही तशीच. शेरभर बर्फींत एक-दोन थेंब पडणें निराळें आणि उन्हांत तापलेल्या फळीखालीं त्याच्या वाफेंत तोंड घालून काम करणें निराळें. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तें ज्वालाग्राही आहे. इतकेंच नव्हे, तर त्यांत भिजलेल्या चिंध्या ढिगानें टाकून दिल्यास हवेशीं क्रिया होऊन त्या आपोआप पेट घेऊं शकतात. आणि मधपाळाच्या दुसऱ्या हातांत काय असतें? जळतें धुराडें! निसर्गांत असणें हें निर्धोकपणाचें प्रमाणपत्र असतें तर धोतऱ्याच्या बियांची चटणी करण्यास हरकत नव्हती.

आतां माशांकडे वळूं. त्या मरत नाहींत, फक्त पळतात, म्हणून त्यांस कांहीं अपाय नाहीं, असें धरून चालणें बरोबर होईल काय? मधमाशीचें घर अंधारें असतें. तेथें डोळ्यांचा उपयोग नाहीं. राणी आहे कीं नाहीं, ही माशी आपल्या घरची कीं चोर, कोणतें पिल्लू भुकेलें, कोठें संकट, या सर्वांची वार्ता त्यांस मुख्यतः गंधानें मिळते. २००६ सालीं मधमाशीच्या जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें. तींत गंध ओळखण्याच्या कामाचीं सुमारें १७० जनुकें आढळलीं, फळांवरील लहान माशीस तीं साठांच्या आसपासच असतात. आपल्या दृष्टीचें जें स्थान तें तिच्या मिशांचें. अशा प्राण्याच्या घरांत उग्र दर्प भरणें म्हणजे आपल्या घरांत प्रखर झोत एकाएकीं डोळ्यांवर सोडण्यासारखें आहे. मोजक्या औषधानें व मोजक्या वेळांत हें संकट टळतें व वसाहत सांवरते, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु औषध अधिक पडलें, अगर फळी विसरून दहा-पंधरा मिनिटें राहिली, तर वाफ पिल्लांच्या कोठींत उतरते. माशा गुंगून जागींच पडतात, किंवा दारांतून बाहेर लोटून पिल्लांस व राणीस उघडें टाकतात. ज्या माशा गुंगून चौकटींवरच राहिल्या त्या मग मधाबरोबर कारखान्यांत जातात. म्हणजे ज्यासाठीं औषध घातलें तेंही साधत नाहीं. औषध किती घालावें हें दिवसाच्या उन्हावर, वाऱ्यावर व वसाहतीच्या बळावर अवलंबून असल्यानें त्याचें एक माप बाटलीवर छापतां येत नाहीं, आणि मोलानें काम करणाऱ्या पोराच्या हातून तें नेहमीं बरोबर पडेल असेंही नाहीं.

मधांत या नव्या द्रव्यांचा अंश राहतो कीं नाहीं? झांकलेल्या, म्हणजे मेणाची टोपी बसविलेल्या मधांत तो कमी शिरतो. उघड्या घरांत अधिक. फळी लवकर काढली व कोठी वाऱ्यावर ठेविली तर बराचसा दर्प उडून जातो. इतकें असूनही मेण हा मोठा लोभी पदार्थ आहे; तेलकट वास तो धरून ठेवतो, आणि तींच पोळीं वर्षानुवर्षें वापरावयाचीं असतात. मधासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेंत, जी प्रथम १९८१ सालीं ठरली, असें तत्त्व आहे कीं, मध तयार करतांना व सांठवितांना त्यास बाहेरच्या पदार्थाचा वास किंवा चव लागलेली नसावी. युरोपीय संघानें १९९९ सालीं सेंद्रिय पशुपालनाचे नियम केले, त्यांत मध काढण्याच्या कामीं कृत्रिम रासायनिक द्रव्यांनीं माशा हुसकण्यास साफ मनाई केली. हा निर्बंध सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मधापुरता आहे. आम्हांस वाटतें, यांतील तत्त्व एका विशिष्ट व महाग मधापुरतें कां असावें? जो मध गरिबाच्या घरीं औषधाच्या चमच्यांतून जातो त्यास हा नियम अधिकच लागू व्हावा. अलीकडे वनस्पतींच्या तेलांचीं सौम्य मिश्रणें निघालीं आहेत व त्यांचा वास पुष्कळांस सुखद वाटतो. फेनॉलपेक्षां तीं हजार पटींनीं बरीं, यांत शंका नाहीं. तरीपण ज्या मिश्रणाचे घटक बाटलीवर स्पष्ट लिहिलेले नाहींत त्यावर केवळ सुवासासाठीं विश्वास ठेवणें हें शहाणपणाचें नव्हे.

आमचें स्वतःचें मत येणेंप्रमाणें आहे. हजार पेट्यांचा धनी जो विलायती मधपाळ, त्यानें यंत्रानें वारा सोडून माशा उडविण्याची जी दुसरी रीत तिकडे रूढ आहे तिचा किंवा एकतर्फी फाटकाचा अवलंब करावा; तेंही अशक्य असेल तर खाद्यद्रव्य म्हणून तपासलेलें औषध, हातमोजे व चष्मा घालून, मिनिटें मोजून वापरावें; आणि मध विकतांना गिऱ्हाइकानें विचारल्यास तें लपवूं नये. हें शेवटचें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. औषध जर निर्धोक असेल तर सांगण्यास संकोच कां? आणि सांगण्यास संकोच वाटत असेल तर तें घालतांना तो कां वाटला नाहीं?

आपल्या महाराष्ट्रांतील स्थिति मात्र अगदींच निराळी आहे. येथील सह्याद्रीच्या रानांत पेटींत राहणारी देशी माशी ती सातेरी. ती लहान, तिची वसाहत लहान, आणि पेटीही लहान. दक्षिण हिंदुस्थानांत १९१० च्या सुमारास फादर न्यूटन या मिशनरी धर्मगुरूंनीं या देशी माशीच्या मापाची पेटी बनविली. न्यूटन पेटी या नांवानें ती अजून चालते. विलायती पेटींत दहा चौकटी, तर हींत सात. सात लहान चौकटींवरील माशा कुंचल्यानें झाडण्यास किती वेळ लागणार? औषधाची बाटली उघडून, कापड भिजवून, फळी तापण्याची वाट पाहीपर्यंत तें काम उरकतें. शिवाय सातेरीचा एक स्वभाव विसरतां कामा नये. ती मानी आहे. घरांत फार ढवळाढवळ झाली, दर्प कोंडला, किंवा अन्न सरलें, तर ती भांडत बसत नाहीं. एके दिवशीं सबंध वसाहत राणीसह घर सोडून रानांत निघून जाते, आणि मधपाळ रिकामी पेटी पाहत राहतो. विलायती माशी पुष्कळ सोसते म्हणून तिकडचे प्रयोग हिच्यावर करावे असें नाहीं.

पुण्यास १९६२ सालीं केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वरच्या परिसरांत जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर, आणि सात-आठ वर्षांनीं एकदां येणाऱ्या कारवीच्या बहरावर, पिढ्यानुपिढ्या मध निघत आला आहे. तेथून जवळच्या मांघर गांवास २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून मान मिळाला. अशा भागांतील मधास जो भाव येतो तो त्या फुलांच्या वासाचा. त्या वासावर दुसरा वास चढविणें म्हणजे स्वतःच्या मालाची किंमत स्वतः पुसून टाकणें होय.

आमच्या इकडे खरी भीति आहे ती निराळीच. शाळेच्या किंवा इमारतीच्या छज्जास आग्या मोहोळ लागलें कीं कोणी तरी काळें फिनेल फवारण्याचा, कोणी ढेकणांच्या औषधाचा, कोणी पलित्याचा सल्ला देतो. फिनेल हें डांबरापासून निघालेल्या तेलांचें, मोरी धुण्याचें औषध; आणि ढेकणांचें औषध तर उघड विषच. त्यानें माशा हुसकल्या जात नाहींत. कांहीं मरतात, उरलेल्या चवताळून खालच्या रस्त्यावरील मुलांवर तुटून पडतात. आणि याहून भयंकर हें कीं, मोहोळ खालीं पडल्यावर त्यांतील मध फुकट जाऊं नये म्हणून कोणी तरी तो पिळून घरीं नेतो! विष फवारलेल्या पोळ्याचा एक थेंबही तोंडांत घालूं नये; विद्यार्थ्यांनीं हें घरीं जरूर सांगावें. आग्या माशीचा मध पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यांत फांदीलगत असतो, पिल्लें खालीं. जाणता मध काढणारा बुरखा व मोजे घालून, थोड्या धुरानें माशा बाजूस सारून, तेवढाच मधाचा भाग कापतो आणि पिल्लांचा भाग लटकत ठेवितो. असा मनुष्य गांवांत असेल तर त्यास बोलवावें, नसेल तर त्या वाटेनें जाणें-येणें कांहीं दिवस बंद ठेवावें. आग्या माशा ऋतु पालटला कीं आपण होऊन स्थलांतर करितात.

ज्या पालकांच्या परसांत सातेरीच्या एक-दोन पेट्या असतील, किंवा ज्या मुलांच्या मनांत त्या ठेवण्याचें असेल, त्यांनीं मध काढण्याचा दिवस आदल्या दिवशींच ठरवावा. निरभ्र दिवस पाहून सकाळीं दहाच्या पुढें, बहुतेक माशा रानांत गेलेल्या असतांना, दाराशीं व मग झांकणाखालीं दोन-तीन फुंकर धूर द्यावा. नारळाच्या किशीचा किंवा सुक्या गवताचा पुरे, रंगीत चिंध्या किंवा रॉकेल यांचा नको. चौकट उचलून खालच्या कोठीवर धरावी, एकच झटका द्यावा, राहिलेल्या माशा मऊ कुंचल्यानें खालून वर झाडाव्या. कुंचला मधानें चिकट झाला कीं पाण्यांत बुडवून झटकावा, नाहीं तर तोच माशांचे पंख माखतो. रिकामी झालेली चौकट लागलीच झांकणाच्या डब्यांत ठेवावी. उघडी राहिल्यास शेजारच्या पेटींतील माशा लुटावयास येतात. ज्यास घाई नसेल त्यानें संध्याकाळीं फाटकाची फळी घालून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कोठी उचलावी. तींत दहा-वीस चुकार माशा सांपडतील, त्या पेटीच्या दाराशीं झाडल्या कीं आपल्या पायांनीं आंत जातात.